फेट्यातला दुसरा इसम

४ ऑगस्ट, पहाटे ५
परदेशी विद्यापीठात एम.बी.ए.ला प्रवेश. कॅम्पस पूर्ण डिजिटल. कुपवाडच्या कारखान्यात तेरा वर्षं सुपरवायझर आहे, आता जीव विटला. मालक म्हणाले, वर्षात डिग्री आणा, मॅनेजरची खुर्ची तुमची. नाहीतर ऑफिसातल्या अंकिता मॅडम आहेतच. संकल्प: रोज पहाटे दोन तास अभ्यास.

५ ऑगस्ट, सकाळी ८
पहाट चुकली. उद्यापासून नक्की.

९ ऑगस्ट
मित्र आकारामचं फ्लेक्सचं दुकान आहे. म्हणाला, "गड्या, आपल्या आष्ट्याला कळाय नगं व्हय?" मी नको म्हणालो. मग फेट्यातला फोटो दिला. मजकूरही मीच लिहिला, त्याचं शुद्धलेखन कच्चं. ‘परदेशी उच्चशिक्षणासाठी निवड! दिग्विजयभाऊंचे हार्दिक अभिनंदन!’ आकारामनं रंग उजळला, केस काळे केले, पोट काढून टाकलं. चौकात लागलाय, लय भारी दिसतोय.

२ सप्टेंबर
गल्लीतले तात्याबा रोज चौकात गाठतात, "इमान कवाचं हाय रं?" आज सांगितलं, कॅम्पस मोबाईलमध्येच आहे. म्हणाले, "मग निवड कशाची झाली?" उद्यापासून मागच्या रस्त्यानं कामाला जाणार. पाच किलोमीटर लांब पडतो. अभ्यास मागे पडतोय तो यामुळेच.

११ नोव्हेंबर
आचारसंहिता लागली, फ्लेक्स उतरला. आकारामनं घरी आणून टाकला. बायकोनं, संयोगितानं, चाचपून बघितला. म्हणाली, "कापड जाड हाय, कामाला ईल."

१८ फेब्रुवारी
लेक्चर डबल स्पीडवर लावतो. अर्धा तास वाचतो. त्यात डोळा लागतो.

२६ जून
दोन आठवड्यांनी परीक्षा. पुढच्या सोप्यात पावसाची झड येते, तिथं संयोगितानं फ्लेक्स बांधलाय. चेहरा आतल्या बाजूला. म्हणाली, "भाईर केला तर येणारंजाणारं इचारतंय, परदेशी कवा जानार." पटलं. रजा टाकली. आता खरंच अभ्यास.

११ जुलै
पेपर दिला. रेंज सोप्यातच येते, तिथंच बसलो. नियम: आसपास दुसरं माणूस नको, कॅमेरा बघत असतो. संयोगिताला, आईला मागच्या दारी धाडलं. तीन तास मान वर केली नाही. चौदा दिवस पुस्तकं घासली होती, सगळं आलं. आयुष्यात पहिल्यांदा पेपर पुरता सोडवला.

१९ जुलै
मेल आला. परीक्षा रद्द. उमेदवाराच्या पाठीमागे एक इसम तीन तास उभा होता. फेटा बांधलेला, हसतमुख. पुरावा म्हणून फोटो जोडलाय.

२१ जुलै
कळवलं, तो मीच आहे. उत्तर आलं, चेहरे जुळत नाहीत. संयोगिताला दाखवलं. बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "जुळत न्हाईत खरं."
फार दमलोय.

२८ जुलै
खुर्ची अंकिता मॅडमना मिळाली. कारखान्याच्या गेटवर त्यांचा फ्लेक्स लागायचाय. आकाराम संध्याकाळी येऊन माझ्याकडून मजकूर लिहून घेऊन गेला. त्याचं शुद्धलेखन अजून कच्चंच आहे.