साडेपाचला खिळ्याखाली

३० ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळी ५.४०
यमक आजही स्वतःच्या शेपटीमागं गरगर फिरला. बरोब्बर साडेपाचला, दाराजवळच्या खिळ्याखाली. त्याच खिळ्याला त्याचा पट्टा टांगलाय. मग शेपूट दातांत धरून कण्हत बसला. कुत्र्याचं नाव मी ठेवलं यमक. बायको, बना, त्याला बाळू म्हणायची. हल्ली दोन्ही नावांना ओ देत नाही.
निष्कर्ष : तिथं कुणीतरी उभं असतं. बनाला जाऊन दीड वर्ष झालं. दुसरं कोण असणार?

१ सप्टेंबर, सोमवार
खिळ्याखाली खुर्ची ठेवली. उभं राहून तिचे गुडघे दुखतात. समोर बसून चौथीच्या पुस्तकातली चांदण्यांची कविता चालीवर म्हटली. पहिल्या कडव्याला यमक फिरू लागला, दुसऱ्याला वेग वाढला. ध्रुपद फिरून फिरून येतं, अगदी तसं. कुत्र्याला काव्य कळतं. बना पूर्वी मध्येच उठून कुकर बंद करायला जायची. आज शेवटपर्यंत बसली.

३ सप्टेंबर
शेजारची मेहमुदा ब्लाउज शिवते. सुईच्या भोकापलीकडं दृष्टी नाही. म्हणाली, तात्या, भूत न्हाय आन् काय न्हाय. काकू त्याला रोज या टायमाला रंकाळ्यावर न्हेत हुत्या. ते फिरायला मागतंय की! मी म्हटलं, पाऊस आहे. ती म्हणाली, कुठं हाय पाऊस?
वर बघितलं. नव्हता. येईल.

८ सप्टेंबर, सोमवार
शेपटीला रक्त. रिक्षातून जनावरांच्या डॉक्टर क्रांतीबाईंकडं. म्हणाल्या, पिसवा नाहीत. कंटाळलंय आणि झुरतंय. रोज चालवा, नाहीतर टोक कुजेल, मग शेपूट कापावी लागेल. मी ध्रुपदाचा मुद्दा मांडला. त्यांनी पुढच्या म्हशीला आत घ्यायला सांगितलं.
यमकच्या गळ्यात आता प्लास्टिकचं नरसाळं आहे. संकल्प : उद्यापासून रोज फिरवणे. शक्यतो दोन वेळा.

९ सप्टेंबर
गुडघा.

१० सप्टेंबर
पट्ट्यापर्यंत हात नेला. मुठीच्या जागी चामडं काळं पडलंय, तिच्या हाताच्या तेलानं. माझ्या हातानं पुसलं गेलं तर?
शिवाय रंकाळ्यावर सगळे विचारणार, वहिनी दिसत नाहीत? तिथं अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. त्यांच्या लेखी ती आहे. एवढ्या माणसांत ती आहे, तर आपण कशाला जाऊन सांगा?
यमकनं नरसाळ्यासकट फेऱ्या मारल्या. खुर्चीवर धडकला. खुर्ची थोडी सरकली. मी 'सांभाळून गं' म्हटलं.

१३ सप्टेंबर
नरसाळं फुटलं. शेपूट पुन्हा चावली. परवा अविधवा नवमी, बनाचा म्हाळ. कावळा पानाला शिवला की सगळं शांत होईल. संकल्प लांबणीवर नाही, फक्त परवावर.

१५ सप्टेंबर, सोमवार. दुपारी
गच्चीवर पान ठेवलं. वडे, खीर, आळूची भाजी. कावळे मेहमुदाच्या टाकीवर ओळीनं बसले. एकही उतरेना. म्हणजे इच्छा राहिलीय. मी हात जोडून म्हटलं, बना, नळ दुरुस्त करीन. ढिम्म. तुझा फोटो मोठा करून घेईन. ढिम्म. रोज संध्याकाळी दोन कविता म्हणीन. दोन कावळे उडूनच गेले.
खीर आटली. खाली यमक विव्हळत होता. तेवढ्यात मेहमुदा कपडे काढायला तिच्या गच्चीवर आली. पान बघितलं, खालचा आवाज ऐकला आणि तिथूनच ओरडली, काकू, जेवा आता! बाळूला मी फिरवून आणतो रोज. तात्यांच्या नादाला लागू नगा.
कावळा झपकन उतरला. आधी वडा.
भूक लागली असणार. तीन वाजून गेले होते. शिवाय कावळ्याला कवितेचं अंग नसतंच.

संध्याकाळी
मेहमुदा साडेपाचला आली. खिळ्यावरचा पट्टा तिनं सरळ ओढून काढला, त्याच काळ्या जागी धरून. यमक उड्या मारत गेला. मागं वळून बघितलंसुद्धा नाही.
खुर्चीकडं बघितलं. खुर्ची होती.
चपला घातल्या. दारापर्यंत गेलो. परत खुर्चीपर्यंत. परत दारापर्यंत.
मेहमुदा कुत्र्याला घेऊन परतली तेव्हा दिवे लागले होते. उंबऱ्यात थांबली. म्हणाली, तात्या, कवाधरनं गरगर फिरालाय असं?
म्हटलं, कविता सुचतेय.
सुचली नाही.