समुद्र रविवारी होता

तूच विचारायचं होतंस, माय. एकदा तोंड उघडून म्हणायचं होतंस, काय गं, माझ्या आईनं माझ्यासाठी काही निरोप दिलाय का? तेरा वर्षांची तुझी भाची समोर बसून वरण-बट्टी खात होती, तिनं लगेच सांगितलं असतं. पण नाही. तू आपली पंखा तिच्याकडे वळवत बसलीस. आणि तो पंखा तरी कुठे आपला होता.

हो, तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. माहेरचं बोलावणं मागून घ्यायचं नसतं. मामाच्या घरच्या लग्नात जावई म्हणून नानांना टॉवेल-टोपी द्यायची राहून गेली, नाना पंगतीतून उठले, आणि तेव्हापासून चार आखाज्या तुला न्यायला कुणी आलं नाही. सुरतेत डिंडोलीच्या आपल्या गल्लीत अर्धं खानदेश राहायचं. अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, जवळ आली की कुणाचा भाऊ न्यायला यायचा, कुणाचा भाचा, मुराळी म्हणून, आणि बायका पिशव्या भरून उधन्याला भुसावळ पॅसेंजर पकडायच्या, माहेरी जाऊन झोके खेळायला. तू दारातून म्हणायचीस, "जा बाई तुम्ही. यांची रातपाळी असते, मला कुठं जमतंय." मग दोन दिवस माझ्या डोक्याला तेल लावताना तुझा हात फार जड पडायचा.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात मामाची मुलं आली. गावचा एक लूम कारीगर सुट्टी संपवून सुरतेला परतत होता, त्याच्यासोबत. तेरा वर्षांची ताई आणि तिचा सहा वर्षांचा भाऊ, बारका. ही मुलं म्हणजे भावाचा राग ओसरल्याची खूण, की बहिणीचं कसं चाललंय ते बघायला पाठवलेले डोळे, हे तुला कळत नव्हतं. म्हणून तू दोन्हीची तयारी केलीस. लाडही केलेस आणि घरही दाखवलंस. दहा बाय बाराची खोली, माय, आणि तू ती तासभर दाखवलीस.

अजून दिसतेस तू मला. पदर खोचून पुढे चालतेस, म्हणजे तीन पावलं चालतेस, आणि सांगतेस, हा नळ, पाणी घरात येतं, विहिरीवर जायचं काम नाही. ही मोरी. ही मिठाची बरणी. बारका बोट घालून बघतो, मीठ ओलं लागतं. "आत्या, मिठाला घाम येतो?" तू खूश होतेस. "समुद्राची हवा शे भाऊ ही. तुमच्या गावच्या मिठाला कुठली मिळते." मग ट्रंकेचा गंज दाखवतेस, तोही दागिना असल्यासारखा, आणि पापड इथे कडक राहत नाहीत हेसुद्धा कौतुकानं सांगतेस. कोपऱ्यात नाना रातपाळी करून डोक्यावरून चादर घेऊन झोपलेले. तू आवाज खाली आणतेस, त्यांच्याकडे बोट करतेस. "आणि हे तुमचे फुवा." मुलं तोंड दाबून हसतात.

तेवढ्यात शेजारची बेन दारात. "बेन, पंखो जोईतो हतो..." तुझा चेहरा मी पाहिला. तिनं आधी तुझ्याकडं पाहिलं, मग मुलांकडं, मग टेबलावर फिरणाऱ्या स्वतःच्याच पंख्याकडं. "ना ना, हुं तो एम कहेवा आवी, पंखो बहु सरस छे तमारो," म्हणाली, स्वतःचाच पंखा तुझा म्हणून वाखाणून गेली. सहा रात्री ती बाई बिनपंख्याची झोपली. तू तिला नंतर काय दिलंस मला माहीत नाही, पण पुढची सगळी वर्षं आपल्या घरातली पहिली बट्टी तिच्या घरी जायची.

आता ते सांगते, जे मी तुला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आणि मी नळावर कपडे धूत होतो. पाण्याच्या आवाजाआड ती हळूच म्हणाली, आजीनं निरोप दिलाय, आणि आजीच्याच आवाजात बोलून दाखवला. "आत्याले आखाजीले लई येजो." म्हणजे परत जाताना तुला आखाजीला सोबत घेऊन यायचं होतं. पण आजीनं हेही बजावलं होतं की फुवांसमोर बोलू नकोस, पुन्हा मानपान निघेल, आत्या एकटी असताना सांग. आता दहा बाय बारात तुला एकटीला कुठं गाठायचं? नाना दिवसभर घरात झोपलेले, ते कामाला निघाले की शेजारणी येऊन बसायच्या. ताई मला म्हणाली, "तू सांगशील का? तुला माहीत असेल कधी सांगायचं." मी म्हणाले, सांगते.

त्या दिवशी शुक्रवार होता. आखाजी पुढच्या गुरुवारी. आणि रविवारी नानांची सुट्टी होती, आपण डुमसला जाणार होतो, समुद्र बघायला. पाहुण्या मुलांना दाखवायचा म्हणून. मी नऊ वर्षांची होते, माय, पाच वर्षं सुरतेत राहत होते, घरातल्या मिठाला समुद्राचा घाम येत होता, आणि मी समुद्र एकदाही पाहिला नव्हता. मला कोण दाखवणार? घरच्यांना घर कोण दाखवतं? मला तू ठाऊक होतीस. तुला बोलावणं कळलं असतं तर तू त्याच दुपारची पॅसेंजर धरली असतीस. चार वर्षं थांबलेली बाई दोन दिवस थांबली नसती. म्हणून मी ठरवलं, रविवार होऊ दे. सोमवारी सांगू.

शनिवारी तू आम्हाला तापीच्या पुलावर नेलंस. भरतीची वेळ होती. नदी उलटी वाहत होती, समुद्राकडून वर, आपल्या गावाच्या दिशेनं. मुलांनी असं कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्या गावची तापी एकाच बाजूला जाते. बारका म्हणाला, "आत्या, हिला काय झालं?" तू कठड्यावर हात ठेवून म्हणालीस, "काही नाही रे. ती दिवसातून दोनदा माहेरी जाते." ताईनं माझ्याकडं पाहिलं. परत येताना तिनं मला गाठलंच. "सांगितलंस?" मी म्हणाले, हो. "मग? काय म्हणाली आत्या?" मी म्हणाले, "बघू म्हणाली." तेवढंच सुचलं. आपल्या घरात सगळे सगळ्यालाच बघू म्हणायचे.

रविवारी डुमस. काळी वाळू, आणि पाणी इतकं लांब गेलेलं की बारका रडायला लागला. "कुठंय समुद्र? सगळा चिखलच शे." तू त्याला कडेवर घेतलंस. "येईल. त्याला बोलवावं लागत नाही." मग खरंच आला. आधी नुसती एक चकाकती रेघ, मग आवाज, मग पावलांवर. पलीकडे हजीऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसत होत्या. नानांनी टोमॅटोची भजी आणली, गरम भज्यानं तुझी जीभ भाजली आणि तू हसलीस, तोंड उघडं टाकून, जीभ बाहेर काढून, पोरीसारखी. नाना तुझ्याकडं बघतच राहिले.

सोमवारी मी सांगणार होते. पण सोमवारी सांगितलं असतं तर ताईला कळलं असतं की शनिवारी मी खोटं बोलले. मंगळवारीही तेच. बुधवारी आपण उधन्याच्या फलाटावर होतो. तू आजीसाठी साडी दिलीस, मामासाठी शर्टाचं कापड, आणि ताईच्या खिडकीचा गज धरून उभी राहिलीस. "आणखी काही सांगायचं राहिलं का गं?" असं विचारलंस. म्हणजे विचारलंस तू. मघाशी मी तुला उगाच बोलले. ताईला वाटलं आत्यानं नाही म्हटलंय, आता पुन्हा कसं म्हणायचं. तिनं मान हलवली. गाडी गेली. तू घरी येऊन पंखा पुसलास आणि शेजारी देऊन आलीस.

आजी त्याच वर्षी थंडीत गेली. तुला तार आली, तू पोचलीस तेव्हा राखही सावडून झाली होती. त्यानंतर मामा दरवर्षी मुराळी पाठवायचा आणि तू दरवर्षी म्हणायचीस, आता कोणासाठी जाऊ. मी कॉलेजात गेले, मग आजीसारखी तूही गेलीस. मी गोष्टी लिहायला लागले, आणि त्यांत तुला तीनदा आखाजीला पाठवलं. एकदा बसनं, एकदा ट्रकमधून, एकदा उलट्या तापीतून चालत. प्रत्येक वेळी तू पोचतेस आणि आजी ओट्यावर बसलेली असते. एकही गोष्ट मी छापायला दिली नाही.

या आठवड्यात ताई आलीय, तिच्या दोन पोरांना घेऊन. मी त्यांना सगळं दाखवलं. हा नळ, ही मिठाची बरणी. त्यांनी मिठाकडं पाहिलं आणि मोबाईलकडं परत गेले. काल डुमसला भजी खाताना ताई सहज म्हणाली, "आत्या तेव्हा बघू म्हणाली होती ना, आजी आखाजीच्या दिवशी दुपारपर्यंत जेवली नव्हती." तिच्या आवाजात तुझ्यावरचा राग नव्हता, पण कुठंतरी तो होता, माय, इतकी वर्षं. तू न केलेल्या गोष्टीचा. मी म्हणाले, आणखी चटणी घे.

परवा आखाजी आहे. तिनं माझी बॅग भरलीय. "तुला न्यायला आलेय मी," म्हणते, "आईबाप नाहीत म्हणून काय माहेर नाही?" मी बघू म्हणाले नाही. खाली रिक्षा थांबलीय आणि ती पोरांवर ओरडतेय, काय लिहीत बसलीय मावशी, हाक मारा तिला. गाडीत सहा तास आहेत. नंदुरबारच्या आत तिला सगळं सांगायचं असं ठरवलंय. त्यानंतरही तिला मला न्यायचं असेल तर नेऊ दे.

हा कागद कुठे पाठवणार, इथेच मिठाच्या बरणीखाली ठेवते. आणि एक, तू काही बोलायच्या आत. मला वाईट वाटायला हवं होतं त्या रविवारी, पण नव्हतं वाटत. समुद्र मला फार आवडला होता. येते.