आईची काळी शाल

सेंट मॉनन्स, ४ जून १८४५

प्रिय लॉरीदादास,
इसोबेलचा सप्रेम नमस्कार. वि. वि. उन्हाने चित्रं काढणारे डॉक्टर अखेर आपल्या कोळीवाड्यात आले. आईला धक्क्यावर खुर्चीत बसवून मानेमागे लोखंडी टेकू लावला. ती म्हणाली, हाडवैद्यसुद्धा एवढा छळत नाही. शेजारी मी उभी आहे, शिंक दाबून. चित्राचा कागद सोबत धाडलाय. आईने अंगावर काय घेतलंय, ओळख बरं!

यंदा मासळी बक्कळ आहे. उन्हात टोपी घालत जा. लोभ आहेच, तो वाटेत समुद्रात सांडू देऊ नकोस.
तुझी इसोबेल

अहमदनगर छावणी, २० ऑगस्ट १८४५

चि. इसोबेलस,
अनेक आशीर्वाद. ओळखलं गं. सुतकाची काळी शाल! आणि पत्रात बाबांबद्दल अवाक्षर नाही. अशी बातमी कुणी कोड्यात घालून कळवतं का? बाबा दर्यात गेले की अंथरुणात, तेवढं तरी सांग.

मी पलटणीत नाव घातलं म्हणून ते मला निरोप द्यायला आले नाहीत. पण इथे मी त्यांच्याच बढाया मारतो. भर वादळात नाव वळवून त्यांनी हाडवैऱ्याची पोरं वाचवली, ही गोष्ट सगळ्या छावणीला पाठ आहे. असा बाप दुसऱ्या कुणाला नाही. हे आता कुणाला सांगू? फार रडू येतंय. आईला जप, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा लॉरी

सेंट मॉनन्स, २ नोव्हेंबर १८४५

प्रिय दादास,
सप्रेम नमस्कार. बाबा ठणठणीत आहेत! अरे शहाण्या, ती तूच पाठवलेली लाल शाल. डॉक्टर म्हणतात, या कागदावर लाल रंग काळाच उमटतो. म्हणजे तुमची लाल डगल्यांची अख्खी पलटण सुतकातच दिसायची! पत्रात आपलं नाव नको, हे बाबांचंच फर्मान होतं. रुसवा अजून होता ना.

तुझं पत्र आईने चुलीपाशी मोठ्याने वाचायला लावलं. बाबा जाळं विणत होते, ते थांबले. पुन्हा वाच म्हणाले. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर, धूर फार झालाय म्हणत डोळे पुसत बाहेर गेले. चूल तर विझली होती रे. खाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय. आमची आठवण ठेव.
तुझी इसोबेल

लॉरी, मेलेल्या बापाबद्दल लिहिलंस, झकास लिहिलंस. आता जिवंत बापाला लिही.
— बाबा