फोन भिंतीकडे फिरव

आये, बायला मी शेवटपर्यंत घरीच ठेवलं. हे तुला कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगणारा आता मी एकटाच उरलो आहे.

तू गेलीस तेव्हा मी नुकता शाळेत जायला लागलो होतो, आणि माझी थोरली बहीण, तुझी बाय, शाळा सोडून तुझ्या उशाशी बसली होती. तुझी माशांची पाटी तिने उचलली ती गुडघे जाईपर्यंत खाली ठेवली नाही. मला शिकवलं, बोटींच्या इंजिनाचं काम शिकायला धाडलं. मी लग्न केलं नाही, तिनेही केलं नाही. दोघंही तुझ्याच घरात म्हातारे झालो. मग तिचं पोट दुखायला लागलं. गोव्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता आजार बरा होणार नाही, त्रास तेवढा कमी ठेवता येईल. मी वॉर्डात परत आलो तर ही पिशवी भरून तयार. "माका घराक व्हर," म्हणाली. "हंय मरूक माका येळ नाय."

शेजारणी म्हणाल्या, पुरुषमाणूस बायलमाणसाचा काय करतलो? मलाही तीच भीती होती. पण आपल्या जिल्ह्यात अशा आजाऱ्यांना घरी येऊन बघणारे काही लोक आहेत, त्यांची एक नर्स आली. कूस कशी बदलायची, चादर माणसाला न उठवता कशी काढायची, हे तिने दाखवलं आणि म्हणाली, "दादा, मला रोज येता येणार नाही. पण तुम्ही व्हिडिओ कॉल लावा, मी तुमच्याबरोबर असेन." आपल्याकडे फोनला रेंज मिळते ती फक्त विहिरीकडे. विहिरीवर उभं राहून खाटेवरचं माणूस कसं सांभाळणार? शेजारच्या घरात आता पर्यटक उतरतात, त्यांच्याकडे वायफाय आहे. त्यांना विचारून मी वायर आपल्या भिंतीतून आत ओढली आणि खाटेच्या डोक्याशी राऊटरचा डबा बसवला. एका हातात फोन धरून काम होईना, म्हणून वर्कशॉपमध्ये इंजिनाच्या पाइपाचा तुकडा वाकवून, त्याला क्लॅम्प जोडून स्टँड केला. मग दोन्ही हात मोकळे झाले.

पहिल्यांदा तिचं अंग पुसायचं होतं तो दिवस सांगतो. नर्स पडद्यावर, मी बादली घेऊन उभा, आणि बाय चादर गळ्यापर्यंत ओढून भांडतेय. "ही कोण बाई माझ्या खाटयेवर? फोन भिंतीकडे फिरव!" मी नर्सकडे बघितलं. ती शांतपणे म्हणाली, "फिरवा दादा. मला दिसायला नको, ऐकू आलं की पुरे." मग तिच्याशीही बोलली, मराठी सोडून आपल्या बोलीत. "बाय, माकाय आये आसा. मी काय बघणंय नाय." फोन भिंतीकडे तोंड करून उभा, आणि त्यातून आवाज येतोय. वरची चादर काढू नका, तिच्या आतून हात घाला. आधी मान, मग काख, फडकं दर वेळी पिळून घ्या. आये, बोटीच्या पोटात हात घालून न दिसणारा बोल्ट मी आयुष्यभर शोधत आलो, तसाच चाचपडत पुसत गेलो. बायने डोळे घट्ट मिटले होते. माझेही मिटलेलेच होते म्हणायचे. मग ती म्हणाली, "पाणी थंड आसा रे मेल्या." त्या दिवसापासून लाज संपली. फोन मात्र भिंतीकडेच राहिला.

एका दुपारी कळ आली ती थांबेचना. नेमका मामाचा मुलगा बांद्याहून भेटायला आलेला. तो घाबरला. "उचल तिका, गाडी भायर आसा, गोव्याक नेवया. हंय मारून टाकतंस काय तिका?" बाय दात आवळून नुसती मान हलवत होती, नको, नको. मी फोन लावला आणि तो त्याच्याच हातात दिला. नर्सने डॉक्टरांना जोडून घेतलं. डॉक्टरांनी मला विचारलं, कळेवरचा जास्तीचा डोस ठेवायला सांगितला होता तो घरात आहे ना? होता. किती द्यायचा ते त्यांनी सांगितलं, मी ते परत म्हणून दाखवलं आणि दिला. "आता फोन बंद करायचा नाही," नर्स म्हणाली. आम्ही सगळे थांबलो. हळूहळू बायच्या कपाळावरची आठी सुटली, मूठ उघडली. मामाचा मुलगा खाटेच्या पायथ्याशी बसला आणि तिचे पाय चेपायला लागला. गाडीचं नाव त्याने परत काढलं नाही.

आणि आता ते सांगतो, ज्यासाठी लिहायला बसलो. शेवटी शेवटी तिला गिळता येईना. नर्सने सांगितलं, पाणी ओतू नका, ठसका लागेल. स्वच्छ कापड भिजवून पिळा, आणि ओठ, जीभ, गालाच्या आतून ओलं करत राहा, जितक्यांदा वाटेल तितक्यांदा. मी करत होतो. बायने माझं मनगट धरलं. आवाज जेमतेम होता. "आयेक कोणी असा करूक नाय," ती म्हणाली. "आये पाणी मागी. मी तांब्यो घेवन गेलंय तर बायलांनी माका भायर काढल्यांनी." मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतकी वर्षं ती हे एकटीच घेऊन बसली होती, आये, आणि मला ठाऊक नव्हतं. त्या बायका वाईट नव्हत्या. त्यांनाही ठसक्याचंच भय असणार. पण ओठ ओले करायला काय हरकत आहे, हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं. तुझी मुलगी हातात तांब्या घेऊन दाराबाहेर उभी राहिली, आणि विचारावं असं माणूस तिला जगात नव्हतं. मला होतं. हाक मारली की उत्तर येत होतं.

ती सकाळी गेली, ऊन ओसरीवर आलं तेव्हा. नर्स फोनवर होती. "दादा, श्वास लांब लांब येतोय ना? आता काही करायचं नाही. हात धरा," एवढंच म्हणाली. मी धरला.

कार्य आटोपल्यावर मी राऊटर काढणार होतो, तो काढला नाही. घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्यांची आठवड्यातून एकदा फोनवर बैठक असते, तिथे मी बसतो. दुसऱ्याच वेळी शिरोड्याची एक बाई रडत होती, नवऱ्याचं अंग पुसताना फोन सारखा पडतो म्हणून. मी म्हटलं, तुमच्या खाटेचा दांडा केवढा जाड आहे, तेवढं सांगा. पुढच्या रविवारी जाऊन स्टँड बसवून आलो. आता वर्कशॉपमध्ये उरलेला पाइप मी भंगारात टाकत नाही. ज्या घरातून निरोप येईल तिथे जाणार. गुडघे आहेत तोवर जाणार.

हे पत्र कुठे टाकायचं, मला ठाऊक नाही. उशाखाली ठेवीन बहुतेक. एक गोष्ट मात्र तुझ्यापाशी कबूल करतो. घरात तुझा फोटो नाही, आणि तुझा चेहरा मला आठवत नाही. पहिल्या ओळीत 'आये' लिहिलं, तेव्हाही डोळ्यांपुढे बायच होती.