दुसऱ्या साक्षीदाराची जागा

मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, आमच्या उपासना मंडळीचा एकोणीस वर्षे प्रमुख, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. फुप्फुसांबद्दल डॉक्टर वेगळे सांगतात. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी वर्षभर ‘एकदाचं लिहून टाका’ म्हणून मागे लागली होती, तो दबाव धरू नये. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. राहते घर, पुढच्या खोलीतल्या कारखान्यासह, पत्नीला. ती आहे तोवर ‘आता आमच्याकडे येऊन राहा’ म्हणून कोणी तिला भंडावू नये. तिच्यामागे घर मुलीचे. बँकेतल्या ठेवीवर दोघींची नावे आधीच लावली आहेत.

कलम २. दाबयंत्र, कटर, दाभणे, सुया आणि घडी बसवायची हाडाची पट्टी मुलीला. तिची शिवण माझ्यापेक्षा सरळ येते हे मी तिच्या तोंडावर कधी कबूल केले नाही, इथे करतो. खळ मात्र ती पातळ करते. अजूनही.

कलम ३. भिंतीवरचे घड्याळ आमच्या पाळकांना, प्रवचन करताना समोर दिसेल असे लावण्यासाठी. हे रागाने नाही, प्रेमानेच लिहितो. उपासनेच्या दालनात माझी तसबीर लावू नये, बाकावर नाव कोरू नये. का, ते पुढच्या कलमात आहे.

कलम ४. माझे स्तोत्रांचे पुस्तक मंडळीला. याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल.

आमच्या उपासनेत वाद्य नसते. एक जण उभा राहून स्तोत्राची पहिली ओळ उचलतो, मागून सगळे तीच म्हणतात, मग पुढची. कोणते स्तोत्र, हे तो आधी कोणाला सांगत नाही, आणि एकदा उचललेले स्तोत्र कोणी अर्ध्यावर सोडत नाही. हे काम तरुणपणापासून माझ्याकडे होते.

एकोणीस वर्षांपूर्वी मंडळीला नवा प्रमुख निवडायचा होता. सगळ्यांच्या मनात होता माझा धाकटा भाऊ. सुतार माणूस, कमी बोलणारा, कोणाच्या घरी दुखलेखुपले की आधी पोहोचणारा. त्याच सुमारास तो चार-पाचदा दारूच्या दुकानाच्या दारात दिसला आणि कुजबुज सुरू झाली. खरे तर तो आमच्यातल्या शिंप्याला हात धरून घरी आणायला जात असे. शिंप्याची अब्रू राहावी म्हणून त्याने तोंड उघडले नाही. एकट्या मला सांगितले. “दादा, हे तुझ्यापाशीच राहू दे.” मी राहू दिले. अगदी जपून ठेवले. शिंपी गेल्या वर्षी वारला, आणि जाण्याआधी त्यानेच मला यातून मोकळे केले.

निवडीच्या दिवशी मी उभा राहिलो आणि एक्कावन्नावे उचलले. पश्चात्तापाचे, दावीद राजाने पाप केल्यावर देवापुढे रडून म्हटलेले. म्हणताना बघत होतो भावाकडे. माना वळल्या, ज्याला जे समजायचे ते समजले. भावाने दोन ओळी सगळ्यांबरोबर म्हटल्या आणि बाजूच्या दाराने निघून गेला. दार आपटलेसुद्धा नाही. आमच्याकडे अर्ध्या स्तोत्रातून उठून गेलेला तो एकटाच. निवड माझी झाली. तो तिथे परत आला नाही, माझ्या घरीही नाही.

त्या दुपारी ताट वाढताना पत्नी म्हणाली, “अहो, आज स्तोत्र देवाला ऐकवलंत की भाऊजींना?” मी भरल्या ताटावरून उठलो.

स्तोत्रांत काय नाही? तक्रार आहे, आकांत आहे, वैऱ्याला दिलेले शिव्याशापसुद्धा आहेत. पण सगळे देवाकडे तोंड करून. मी तोंड वळवले. दावीद घसरला, पण ‘चुकलो’ म्हणाला ते स्वतःबद्दल. मी त्याची कबुली उचलून भावाच्या गळ्यात अडकवली आणि भावाची जागा घेतली. पुढे छप्पर नवे केले, भांडणे मिटवली, आजाऱ्यांच्या उशाशी बसलो. लोक म्हणाले, मोठा माणूस! पण ज्याच्यामागे लोक उभे राहतात त्याने सगळ्यांआधी गुडघे टेकायचे असतात. मी उभाच राहिलो. एक्कावन्नावे पुन्हा उचलायला जीभ रेटली नाही.

माझ्या हातचे पुस्तक कधी एकाच पानावर आपोआप उघडत नाही, असा माझा लौकिक. हे एक उघडते. एक्कावन्नावे एकट्याने रोज वाचून शिवण त्या पानाशी सैल झाली आहे. ती कोणी घट्ट करू नये. पुढे जो स्तोत्र उचलील त्याने याच पुस्तकातून उचलावे, आणि बघावे ते वर.

ही हकिगत मेल्यावर वाचायला ठेवणे म्हणजे शुद्ध पळपुटेपणा. उद्या उपासनेत मी स्वतः उभा राहून सांगणार आहे. तोवर श्वास पुरला नाही तर पाळकांनी हे कलम जसेच्या तसे मोठ्याने वाचावे.

कलम ५. धाकट्या भावाला मी काहीही ठेवत नाही. साधा चमचासुद्धा नाही. वकील म्हणाले, मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, आणि मला साक्षीदार तूच हवास. साक्षीदाराला समोर यावे लागते, मी सही करताना बघावे लागते. दुसऱ्या कुठल्या कारणाने तुला बोलवायची माझी छाती झाली नाही रे. मला माफ कर. मला मातीत ठेवताना स्तोत्र तू उचल. कोणते, ते तू ठरव. एक्कावन्नावे उचललेस तरी चालेल, ते माझेच आहे.

वरील मजकूर माझ्या हाताने लिहिला. दोन ठिकाणी खाडाखोड आहे, तीही माझीच.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : शनिवार, उपासनेचा आदला दिवस
सही : पुस्तकबांधणीवाला

साक्षीदार १ : शेजारचे डॉक्टर. लिहिणारे पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार २ : धाकटा भाऊ, सुतार. दादाने माझ्यासमोर सही केली. मी सगळे वाचले. उद्या सकाळी आठला त्याला न्यायला येतो. पायऱ्या त्याला उतरवत नाहीत, हात धरून नेईन. पुढच्या दाराने.