तोंड दाखवून बोलणं

आई, मला म्हाताऱ्यांच्यात घातलं बघ. आपल्या समाजमंदिरात कॉलेजच्या एक मॅडम आल्या. पुण्याच्या पोरापोरींना वयस्कर माणसांशी दर रविवारी व्हिडिओवर बोलायचंय म्हणाल्या. शेजारच्या आजींनी माझं नाव परस्पर देऊन टाकलं. मी म्हटलं, "मी म्हातारी दिसते व्हय तुमाला?" तर म्हणतात, "आरसा बघ की."

माझ्या वाट्याला आलेली पोरगी कानानं अधू. कानात मशीन, तरी फोनवरचं तिला धड कळत नव्हतं. आधीच्या आजोबांनी कंटाळून सोडलेली. मॅडम हळूच म्हणाल्या, "तुमचंही जमलं नाही तर तिचं नाव काढावं लागेल." पोरगी मान खाली घालून बसलेली. मी ओरडले, आणखी ओरडले. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, फोन मॅडमच्या हातात आदळणारच होते.

आणि एकदम कारखाना आठवला. मी नुकती शाळा सोडलेली. तू सुताच्या कांड्या भरतेस, माग असे खडखडतात की शेजारणीचं बोलणं शेजारणीला ऐकू येत नाही. मी गळा फाडून हाका मारते. तू उठून येतेस, टपली मारतेस, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवतेस. दारात उजेडाला नेऊन म्हणतेस, "वरडून काय हुतंय? तोंड दाव. व्हट हलीव, सावकाश." सगळ्या बायका तशाच बोलायच्या, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. भांडायच्यासुद्धा तशाच.

मी ट्यूबलाइटखाली सरकले. आवाज न काढता, सावकाश विचारलं, "जेवलीस का गं?" तिची मान वर आली. "मेसची भाजी खारट होती, काकू," म्हणाली आणि हसली. मग तासभर गप्प बसेना बया!

तिचं नाव राहिलं. आता ती तिच्यासारख्याच आणखी दोघींना घेऊन येते. मी इथल्या आजींना शिकवते, घाई केली की त्यांचीही हनुवटी धरते. शाळेनं मला काही दिलं नाही, आई. हे तू दिलंस, आणि ते मी छाती ठोकून सांगते.

परवा पोरीनं विचारलं, "तुम्हाला हे कुणी शिकवलं?" म्हटलं, "आईनं." तर म्हणते, "त्यांना माझा नमस्कार सांगा. एकदा बसवा ना त्यांना फोनसमोर." "सांगते की," म्हणून गेले, म्हणून हे पत्र लिहिलं. टाकणार कुठं, ते माहीत नाही. तू गेलीस, हे तिला बोलले नाही. तोंडातून निसटायला लागलं तशी फोनकडं पाठ केली. पोरगी ओठ वाचते.