चिठ्ठी एकटी जात नाही

बाबा, मंजुरी आली. तासाभरापूर्वी मोबाईलवर निरोप आला, कुरिअरच्या एजन्सीची पक्की मंजुरी, आपल्या दारव्ह्याच्या दुकानाला, माझ्या नावानं. मी तो निरोप आईला वाचून दाखवला, मग शेजारच्या टायरवाल्या चाचांना, मग परत आईला. आई म्हणाली, "किती वेळा वाचशीन व? एकदा आलं म्हणजे आलं." पण डोळे पुसायला तीच आत गेली. महिनाभर मी कच्च्या परवानगीवर दुकान चालवत होते. पक्की मिळाली नसती तर शटर ओढून परत नागपूरच्या गोदामात खोक्यांना चिकटपट्ट्या मारायला जायचं आणि आईला इथं एकटं ठेवायचं, एवढंच माझ्या हातात उरलं असतं. आज सकाळपासून लाईट नाही, संगणक बंद आहे, उन्हाचं गिऱ्हाईकही नाही, आणि माझं मन काही जागेवर बसत नाही, म्हणून कागद घेतला. पत्राची पहिली ओळ मंजुरीची असायला नको होती, हे मला माहीत आहे. पहिली ओळ कशाची असते ते तुम्हीच आम्हा सगळ्यांना शिकवलं होतं. त्याच्याकडे येते.

तुमची काळी-पिवळी जीप अजून डोळ्यांसमोर उभी राहते. दारव्ह्याहून यवतमाळ, यवतमाळहून दारव्हा, मागे माणसं, टपावर पोती, आणि समोरच्या काचेखाली लोकांनी ठेवायला दिलेली पाकिटं. फोन फार थोड्या घरी होते आणि पोस्टानं गेलेलं पत्र कधी मिळेल त्याचा नेम नव्हता, म्हणून जो तो तुमच्याकडे यायचा. "भाऊ, एवढी चिठ्ठी स्टँडावरच्या पानठेल्यावर द्याल का?" तुम्ही द्यायचे. मग एकदा पोस्टातले एक साहेब तुमच्या शेजारच्या सीटवर बसले आणि काचेखालची ती गड्डी पाहून रस्ताभर तुम्हाला कायदा सांगत राहिले. पत्रं नेण्याचा हक्क सरकारचा आहे, भाड्याच्या गाडीवाल्यानं पत्र नेणं गुन्हा आहे. उतरता उतरता ते एवढं म्हणाले की गाडीत माल असेल आणि त्या मालाबद्दलची चिठ्ठी असेल तर गोष्ट वेगळी. बाकीचा कायदा तुमच्या किती लक्षात राहिला कोण जाणे, पण हे शेवटचं वाक्य तुम्ही घट्ट धरून घरी आले. जेवताना आईला म्हणाले, "आजपासून चिठ्ठी एकटी जात नाही. तिच्यासंग माल पाह्यजे."

आणि मग सुरू झालं ते. चिठ्ठी आणणाऱ्याला तुम्ही विचारायचे, "संग काय हाय?" काही नसलं तर म्हणायचे, घरून काहीतरी आण, मूठभर तूर आण, कांदा आण, काहीच नसंल तर एक लिंबू आण. भाडं घेतलं तर मालाचं, चिठ्ठीचं नाही. आणि चिठ्ठी मालाबद्दलची पाहिजे म्हणून पहिली ओळ मालाची लिहायची: सोबत एक लिंबू पाठवून राह्यलो, मिळाल्याचे कळवावे. त्याच्या खाली मग काय लिहायचं ते लिहा, कोणाचं बाळंतपण, कोणाची कोर्टाची तारीख. आपल्या रस्त्यावरच्या गावांना ते इतकं अंगवळणी पडलं की शाळेत मास्तरांनी पत्र लिहायला सांगितलं तर अर्धा वर्ग 'सोबत एक लिंबू' अशी सुरुवात करायचा. दिग्रसच्या जिनिंगमधले मुनीम यंत्राच्या पट्ट्याची मागणी पाठवायचे तेही वांगं जोडून. आणि ते सोयरिकीचं प्रकरण आठवतं ना? मुलाकडच्यांनी होकाराची चिठ्ठी तुमच्या हाती दिली, नियमाप्रमाणे सोबत दोन वांगी. मुलीकडचे बाभुळगावकडचे, त्यांना काय माहीत. त्यांना वाटलं, या लोकांत होकाराची रीतच वांग्याची असते. त्यांनी उलट टोपलीभर वांगी पाठवली, वर हळदकुंकू लावून. लग्नात ही गोष्ट सांगताना तुमचा जेवणाचा घास हातातच राहिला होता, इतके तुम्ही हसत होते.

मी यवतमाळला हॉस्टेलवर होते तेव्हा तुमची चिठ्ठी यायची भुईमुगाच्या शेंगांसोबत, आणि पहिली ओळ शेंगांची. गाडी तुमची, चिठ्ठी तुमची, पोरगी तुमची, तरी शेंगा. मैत्रिणी शेंगा खायच्या आणि मला चिडवायच्या. सुट्टीत घरी आले तेव्हा मी चिडूनच म्हटलं, "बाबा, कोण पकडणार आहे तुम्हाला? कायले हे लिंबू-कांद्याचं नाटक?" तुम्ही जीपच्या बोनेटवर फडकं मारत होते. फडकं खाली ठेवलं आणि असे बोलले, की आवाज वाढला नाही तरी मी दोन पावलं मागे सरले. "पकडतीन म्हणून नाही करत मी. माह्या गाडीत काय जाऊन राह्यलं ते मले माहीत पाह्यजे, अन् कोणी थांबवून विचारलं तर मान वर करून सांगता आलं पाह्यजे. लोकाईचं सामान हाय ते. समजलं?" मला तेव्हा काही समजलं नव्हतं, फक्त राग आला होता. संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी गरम कचोरी घेऊन आले आणि विषय संपला.

आता ऐका गंमत. एजन्सी घ्यायची म्हणून मी मोबाईलवर कायदे वाचायला बसले. दुकानाची नोंदणी करा, जीएसटीचा नंबर घ्या, काट्यावर वजनमापेवाल्यांचा शिक्का घ्या, हे सगळं करता करता तो जुना डाक कायदा समोर आला आणि त्यात तुमचं कलम सापडलं. बाबा, खरंच आहे ते. भाड्याच्या गाडीवाल्यानं पत्र न्यायचं नाही, गाडीतल्या मालाबद्दलचं पत्र तेवढं न्यायचं. मी आईला ओरडून बोलावलं. मग पुढं नीट वाचलं तर तिथं लिहिलंय, केवळ मालाबद्दलचं. केवळ. म्हणजे लिंबाच्या ओळीखाली बाळंतपण लिहिलं की झाला गुन्हा. इतकी वर्षं सगळा रस्ता मान वर करून कायदा मोडत होता आणि एकालाही पत्ता नव्हता. मी आणि आई पोट धरून हसलो. आणि त्याहून मोठी बातमी ही, की तो कायदाच आता गेला. नवा आला, त्यात पत्रं नेण्याचा सरकारचा एकट्याचा हक्क ठेवलाच नाही. चिठ्ठी आता एकटी जाऊ शकते, बाबा. कोणीही नेऊ शकतं. मीही नेऊ शकते, आणि पावती फाडून नेऊ शकते. वाचून मी अंगणात चक्कर मारून आले, कारण सांगायचं होतं ते तुम्हालाच आणि तुम्ही नव्हते.

पण कंपनीचे स्वतःचे नियम आहेत, ते माझ्या काउंटरमागे भिंतीवर लावलेत. काय घ्यायचं नाही त्याची मोठी पाटी आहे. फटाके नाही, ॲसिड नाही, रोकड नाही, आणि नासणारा माल नाही: भाजी, फळं, दूध. आलं ना लक्षात? तुमच्या काळी चिठ्ठीला बंदी आणि लिंबू चालायचं, माझ्या काळी चिठ्ठी चालते आणि लिंबाला बंदी. हे आपल्या रस्त्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना सांगताना माझा महिनाभर घसा बसला.

परवा सकाळी नागपूरहून कंपनीचे साहेब तपासणीला आले. वयानं माझ्यापेक्षा लहानच, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. काटा पाहिला, कॅमेरा पाहिला, आग विझवायचा लाल डबा उचलून त्याची तारीख पाहिली. पाठवणाऱ्यांची ओळखपत्रं नीट घेते का ते पाहिलं. सगळं बरोबर. मी चहा सांगायला वळले आणि तेवढ्यात मावशी आत आली. तुम्ही ओळखता तिला, फाट्यावरच्या गावची, तुमच्या जीपमध्ये कायम पुढच्याच सीटसाठी भांडायची ती. आता पाठीत वाकली आहे. तिनं काउंटरवर पाकीट ठेवलं, नातीच्या नावाचं, ती पुण्याला नर्सिंग शिकते. आणि पाकिटाला दोऱ्यानं बांधलेलं एक पिवळं धमक लिंबू.

साहेब एकदम मागे सरकले. "मॅडम, हे काय? करणी-बिरणीचं आहे का? असलं काही तुम्ही बुक करता?"

"करणी कायची रे बाप्पा?" मावशी म्हणाली. "नातीले चिठ्ठी हाय. फोनवर ती हो हो म्हणते अन् ठेवून देते. चिठ्ठी तं वाचाच लागते."

आपल्या घरात उतारा-टोटका कधी झाला नाही, आणि माझ्या दुकानात माझ्यासमोर करणी. पक्कं होत आलेलं सगळं त्या लिंबापाशी येऊन अडकलं. मी हसण्यावारी नेऊ शकले असते, साहेब गेल्यावर बघू म्हणून मावशीला बाहेर बसवू शकले असते. पण मी पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "मावशी, चिठ्ठी जाईल. लिंबू नाही जाणार. नासणारा माल इथं घेत नाही."

"नासका कायले? आत्ता झाडाचं तोडून आणलं. अन् लिंबू नाही गेलं तं चिठ्ठी खोटी होईन ना. पाह्य." पाकीट उघडंच आणायचं असतं, आम्ही पाहून बंद करतो. तिनं कागद माझ्यापुढं धरला. पहिली ओळ तीच, सोबत एक लिंबू पाठवून राह्यली, मिळाल्याचे कळवावे. मी म्हटलं, ती ओळ खोडू या. मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी नातीचं नावच खोडायला सांगितलं. "तुह्या बापानंच सांगतलं, चिठ्ठी एकटी जात नाही. तू नवी शिकोतं मले?"

मी सुरी घेऊन दोरा कापला, लिंबू तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, नियम आहे, मावशी, मी मोडणार नाही. तिनं लिंबू पदराला पुसलं. मग म्हणाली, "मंग लिही खाली, तुह्याच हातानं." आणि सांगू लागली. मी लिहिलं, लिंबू पोरीनं घेतलं नाही. तिचा बाप असता तर घेतलं असतं.

बाबा, पेन धरलेला माझा हात तिथंच थांबला. मला फार लागलं ते. इतकं लागलं की मला तिथंच तिच्याशी भांडावंसं वाटलं, की नाही मावशी, नसतं घेतलं. ते लिंबासाठी कधीच अडून बसले नव्हते, नियमासाठी बसले होते. ते असते तर त्यांनी ही पाटी आधी वाचली असती आणि तुलाच चार शब्द सुनावले असते. पण ती म्हातारी, तिची आठवण तिच्यापाशी. मी ओळखपत्र घेतलं, वजन केलं, पाकीट बंद केलं, पावती दिली. जाताना तिनं लिंबू काउंटरवर ठेवलं. "मी घरी नेऊन काय करू? झाड लदलं हाय," म्हणाली आणि काठी टेकत गेली.

साहेबांनी विचारलं, तुमचे वडील काय करायचे? मी सगळं सांगितलं, पोस्टाच्या साहेबांपासून वांग्याच्या टोपलीपर्यंत. वांग्यांना ते मोठ्यानं हसले, आणि मग टॅबवर काहीतरी लिहीत राहिले. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. दोन दिवस मी घडीघडी मोबाईल उघडून पाहत होते. आणि आज निरोपाबरोबर त्यांचा शेराही आला: काउंटरवर ओळखीच्या माणसालाही नियम लावला जातो. मान वर करून सांगता आलं, बाबा. कोणी थांबवून विचारलं आणि मला सांगता आलं. बोनेटपाशी तुम्ही जे बोलले होते ते परवा मला समजलं, आणि समजल्याचा आनंद एवढा झालाय की मंजुरीचा जास्त की त्याचा, हे मला सांगता यायचं नाही.

हे पत्र मी पाठवणार नाही. माझ्याच दुकानाच्या नियमात ते बसत नाही, घेणाऱ्याचा मोबाईल नंबर टाकल्याशिवाय पावतीच निघत नाही. मघाशी आई आतून जेवणाचं ताट घेऊन आली तेव्हा मावशीचं लिंबू या कागदावर ठेवलेलं तिनं पाहिलं. "याचं सरबत काहून नाही केलं? सुकून राह्यलं ना," म्हणाली. मी म्हटलं, असू दे, पंख्यानं कागद उडतो, म्हणून ठेवलंय. आईनं वर पंख्याकडे पाहिलं. लाईट तर अजून आलेलीच नाही.